डम्पिंगविरोधी शुल्क : संरक्षण कोणाचे?

परदेशी माल स्वस्त आहे, एवढ्यावरून त्याला डम्पिंग म्हणता येत नाही. उत्पादक स्वतःच्या देशात ज्या किमतीला माल विकतो, त्याहून कमी किमतीला तो निर्यात करू लागला, तरच ते डम्पिंग ठरते. मायदेशी शंभर रुपयांचा माल भारतासाठी ऐंशी रुपयांना निघाला, तर वीस रुपये ही डम्पिंगची तफावत. जागतिक व्यापार संघटनेच्या नियमांनी डम्पिंगला बंदी घातलेली नाही. त्यावर जादा शुल्क लावण्याची मुभा आयात करणाऱ्या देशाला दिली आहे.

भारतात या शुल्काला १९७५ च्या सीमाशुल्क दर कायद्यातील कलम ९-अ चा आधार आहे. पहिली चौकशी १९९२ मध्ये पीव्हीसी रेझिनच्या आयातीसंबंधी झाली. चौकशीचे काम वाणिज्य मंत्रालयाच्या अखत्यारीतील व्यापार उपाय महासंचालनालयाकडे असून, हे नाव त्यास २०१८ मध्ये मिळाले. तक्रारीला पाठिंबा देणाऱ्या उत्पादकांचा देशातील एकूण उत्पादनात किमान २५ टक्के वाटा असावा लागतो. डम्पिंग झाले, उद्योगाची हानी झाली आणि ती डम्पिंगमुळेच झाली, या तिन्ही गोष्टी सिद्ध व्हाव्या लागतात. यांतील तिसरी सर्वांत अवघड. कारखाना जुन्या यंत्रांमुळेही तोट्यात जाऊ शकतो. तफावत दोन टक्क्यांहून कमी आढळल्यास चौकशी थांबते.

महासंचालनालय केवळ शिफारस करते. शुल्क लावायचे की नाही, हे अर्थ मंत्रालय ठरवते. तफावतीपेक्षा कमी शुल्काने हानी भरून निघत असेल, तर तेवढेच लावले जाते. मुदत साधारणतः पाच वर्षांची, फेरआढाव्यानंतर ती वाढवता येते.

खरा वाद येथेच आहे. एकाचा पक्का माल हा दुसऱ्याचा कच्चा माल असतो. पॉलिएस्टर धाग्यासाठी लागणाऱ्या पीटीए या रसायनावरील शुल्काने मोजक्या बड्या उत्पादकांना आडोसा मिळाला. किमतीचा भार मात्र सूतगिरण्यांपासून भिवंडी, मालेगावच्या यंत्रमागांपर्यंत झिरपण्याजोगा होता. २०२० च्या अर्थसंकल्पात हे शुल्क सार्वजनिक हिताच्या कारणास्तव रद्द करण्यात आले. त्यानंतर महासंचालनालयाच्या अनेक शिफारशी अर्थ मंत्रालयाने स्वीकारलेल्या नाहीत.

देशांतर्गत मक्तेदारीच्या गैरवापराची दखल २००२ च्या कायद्यान्वये भारतीय स्पर्धा आयोग घेतो. आयातशुल्काच्या आडोशाने एखादी कंपनी बाजारात एकटी उरली, तर तिच्या वर्तनाची तपासणी याच आयोगाकडे येते.