देवी (रोग) : लोकधारणा व उपचार

'व्हॅरिओला' या विषाणूमुळे होणारा, तीव्र ताप व पुवाने भरलेले फोड ही लक्षणे असलेला हा संसर्गजन्य रोग महाराष्ट्रात केवळ शारीरिक विकार मानला जात नसे. रुग्णाच्या अंगात देवी प्रकटली आहे, अशी श्रद्धा असल्यामुळे 'रोग झाला' असे न म्हणता 'देवी आल्या' असे आदराने म्हणत. देवी उष्ण प्रकृतीची समजून घरात फोडणी टाळली जाई, उशाशी कडुलिंबाचा पाला ठेवला जाई आणि बाहेरच्या माणसांना, विशेषतः विटाळाच्या कल्पनेने, खोलीत येऊ देत नसत. या वर्ज्यामागे धार्मिक भाव असला, तरी रुग्ण वेगळा राहिल्याने संसर्गास काही अंशी आळा बसत असावा. म्हणून या आचारांना निव्वळ अंधश्रद्धा म्हणून बाजूला सारणे अन्यायाचे ठरेल. मात्र रोगाच्या उग्र प्रकारात दहांपैकी सुमारे तीन रुग्ण दगावत, आणि वाचलेल्यांच्या चेहऱ्यावर खोल व्रण राहत, काहींची दृष्टीही जाई.

१४ जून १८०२ रोजी मुंबईत एका तीन वर्षांच्या मुलीला गोस्तन देवीची, म्हणजे गाईंना होणाऱ्या सौम्य देवीची, लस टोचण्यात आली. भारतातील ही पहिली यशस्वी लस होय. पुढे या लसीकरणालाही लोकांनी 'देवी टोचणे' म्हटले, म्हणजे रोग, देवता व प्रतिबंध यांना एकच नाव लाभले. १९८० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने रोगाचे जगातून निर्मूलन झाल्याचे जाहीर केले. जुन्या पिढीच्या दंडावरील लसीचे गोल वण मात्र अजून दिसतात.