कोंड्याचा मांडा

घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला, “आजपासून हातसडीच्या तांदळाचा भात खायचा,” असे सांगून पाहा. “का, घरात गरिबी आली की काय?” असे उत्तर मिळेल. हा नुसता हट्ट नव्हे. भात कांडता कांडता आईच्या हाताला घट्टे पडलेले ज्यांनी पाहिले, त्यांना गिरणीचा पांढराशुभ्र तांदूळ म्हणजे कष्टांतून सुटका वाटली, तर नवल ते काय?

ही सुटका किती महाग पडते, ते दाखवून दिले कोंबड्यांनी! जावा बेटावर, बटाव्हियाच्या लष्करी इस्पितळात, आयकमन नावाचे डच डॉक्टर बेरीबेरीचे कारण शोधीत होते. या रोगाने माणसाचे पाय लुळे पडत. १८९० च्या सुमारास त्यांच्या कोंबड्याही तशाच लुळ्या पडल्या आणि काही महिन्यांनी आपोआप बऱ्या झाल्या. चौकशी करता कळले, की मधल्या काळात त्यांना इस्पितळाच्या स्वयंपाकघरातला उरलेला पांढरा भात घालीत असत. मग नवा आचारी आला. लष्कराचा भात बिनलष्करी कोंबड्यांना का द्यावा, म्हणून त्याने तो बंद केला! १९२९ साली आयकमनना नोबेल पारितोषिक मिळाले; थोडा वाटा आचाऱ्यालाही द्यायला हरकत नव्हती.

पुढे व्होर्डरमन यांनी जावातले तुरुंग तपासले. पांढऱ्या भातावरच्या ३९ कैद्यांमागे एकाला बेरीबेरी, तर कोंड्यासकट तांदूळ खाणाऱ्या १०,००० मागे एकाला. कोंड्यातले ते द्रव्य म्हणजे आपले ‘ब-१’ जीवनसत्त्व.

आपल्याकडे १९३४ च्या डिसेंबरात गांधीजींनी ग्रामोद्योग संघ काढला. वर्ध्याच्या मगनवाडीत कुमारप्पांनी हातसडीच्या तांदळाचा नि जात्यावरच्या पिठाचा पुरस्कार केला. पण जिंकली गिरणीच. कोंड्यात तेल असते, त्यामुळे तो तांदूळ लवकर खवट होतो, शिजायलाही वेळ लागतो. व्यापाऱ्याला नि गृहिणीला, दोघांनाही पांढरा तांदूळ सोयीचा!

आज बेरीबेरी क्वचितच दिसतो. पण उतारवयात पोट साफ राहायला कोंडा हवाच, आणि नेमके तेव्हाच दात साथ देत नाहीत. तेव्हा जीवनसत्त्वांचे व्याख्यान आवरावे. तांदूळ रात्रभर भिजवावा, पाणी सढळ हाताने घालावे, मऊ पेज करावी. आमच्या शेजारच्या आजींनी हातसडीचा भात दोनदा परत पाठवला होता. तिसऱ्या खेपेला सुनेने त्याचीच पेज केली. वाटी तोंडाला लावून आजी म्हणाल्या, “अगं, ही तर आमच्या आईची पेज. मेतकूट कुठाय?”