अरण्यांतील बिंदुपथ

चांद्याच्या अरण्यांत उभें राहून आपण नेमके कोठें आहों हें सांगणें सोपें नाहीं. साग आणि बांबू यांच्या दाटींत थोड्या अंतरापलीकडचें दिसत नाहीं. तरी एकोणिसाव्या शतकांत या प्रदेशाचे नकाशे तयार झाले. त्यांच्या मुळाशीं शालेय भूमितींतील एक साधी कल्पना आहे. ती म्हणजे बिंदुपथ.

ठराविक अट पाळणाऱ्या सर्व बिंदूंची मिळून जी रेषा होते, ती त्या अटीचा बिंदुपथ होय. दावें ताणून खुंट्याभोंवतीं फिरणारा बैल वर्तुळच काढतो, कारण खुंट्यापासून त्याचें अंतर बदलत नाहीं. एका अटीनें केवळ वाट कळते. दोन अटींच्या वाटा जेथें छेदतात, तेथें जागा कळते.

विल्यम लॅम्बटन यानें १८०२ सालीं मद्रासजवळ सुमारें साडेसात मैलांची पायारेषा मोजून याच तत्त्वावर मोठ्या सर्वेक्षणास आरंभ केला. पायारेषेच्या दोन्ही टोकांहून दूरच्या टेकडीचे कोन घ्यावयाचे. प्रत्येक कोनानें एक सरळ रेषा मिळे. दोन रेषांच्या छेदावर टेकडीचें स्थान ठरे. असे त्रिकोणास त्रिकोण जोडीत काम उत्तरेकडे सरकलें. पावसानें हवा धुऊन निघाली म्हणजे दूरचें स्पष्ट दिसे; पण हिवतापाचे दिवसही तेच. १८१९ सालीं कृष्णा व गोदावरी यांमधील जंगलांत त्याचा साहाय्यक जॉर्ज एव्हरेस्ट तापानें खिळला. २० जानेवारी १८२३ रोजीं चांद्याच्या वायव्येस हिंगणघाट येथें खुद्द लॅम्बटनचा अंत झाला.

शिखरांचीं स्थानें एकदां ठरलीं, कीं रानांतील निरीक्षकास स्वतःचें ठिकाण काढतां येतें. तीन ज्ञात शिखरें दिसलीं, तर पहिल्या दोहोंमधील कोन मोजावा. त्या बाजूस तेवढाच कोन देणारे सर्व बिंदु एका वर्तुळकंसावर असतात. दुसऱ्या व तिसऱ्या शिखरांमधील कोन दुसरा कंस देतो. दोन्ही कंसांचा छेद हेंच निरीक्षकाचें ठिकाण. मात्र निरीक्षक व तीन शिखरें एकाच वर्तुळावर आलीं, तर दोन्ही कंस त्याच वर्तुळाचे होतात. मग मोजणी अचूक असूनही ठिकाण ठरत नाहीं. वेगळें शिखर शोधावें लागतें.

या नेमकेपणास पुढें फार मोल आलें. १८५४ सालीं नागपूरचें राज्य खालसा झालें आणि १८७८ च्या कायद्यान्वयें राखीव वनांच्या सीमा ठरूं लागल्या. शेत रेषेच्या आंत कीं बाहेर, यावर गोंड कुटुंबाचा हक्क अवलंबून राहिला. १९८२ सालीं चंद्रपुरापासून वेगळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्यांत मेंढा-लेखा या गांवास २००९ सालीं सामूहिक वनहक्क मिळाला, तेव्हांही वनाची सीमा ठरवावी लागलीच. कागदावरचा एक बिंदु इकडचा तिकडे झाला, तर रानांत कोणाची तरी वहिवाट सरकते.