कानस आणि गेज : बंदुकीच्या चापाची कथा

लखनौच्या दक्षिणेला लष्करी छावणी आहे. ही छावणी 1857 च्या उठावानंतर दिलकुशा भागात वसवण्यात आली. परंतु लखनौचा आणि हत्यारनिर्मितीचा संबंध तिच्याहून पुष्कळ जुना असून, नवाब असफउद्दौलाच्या कारकिर्दीत, 1776 पासून, येथील शस्त्रशाळेची देखरेख ल्यों शहरात जन्मलेल्या आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीत शिरलेल्या क्लॉड मार्टिन या फ्रेंच माणसाकडे होती. त्याने 1786 मध्ये ओतवलेली ‘लॉर्ड कॉर्नवॉलिस’ ही तोफ आज त्याच्याच नावाने चालणाऱ्या ला मार्टिनियर शाळेच्या आवारात उभी आहे. तोफा अशा नजरेसमोर राहतात. त्याच शस्त्रशाळेत बनणाऱ्या बंदुकांचे मात्र फारसे कोणी स्मरण करीत नाही, आणि कारागिराची खरी परीक्षा तर बंदुकीच्या कळीत होती.

कळ म्हणजे बंदूक उडवणारी यंत्रणा. चकमकीच्या बंदुकीत गारगोटी धरणारा घोडा मागे ओढला की त्याच्या आतल्या चकतीवरील खाचेत एका छोट्या तरफेचे नाक रुतते. बोटाने चाप दाबताच हे नाक खाचेतून सुटते आणि कमानीच्या जोरावर घोडा आदळून ठिणगी पडते. नाक खाचेत खोल रुतले तर चाप जड होतो आणि नेम ढळतो, उथळ रुतले तर धक्क्यानेही बार उडतो. हा मेळ साधण्यासाठी पोलाद मऊ असतानाच कानशीने अंदाजाअंदाजाने घासावे लागे आणि नंतर पाणी देऊन कठीण करावे लागे. एकदा पाणी दिल्यावर कानस चालत नसे, फक्त तेलाचा दगड चाले, म्हणून जास्त घासला गेलेला भाग सरळ भंगारात जाई. प्रत्येक कळीचे भाग एकमेकांसाठीच घडवलेले असल्याने ते मिसळू नयेत म्हणून त्यांच्यावर खुणेच्या रेघा कोरण्याची पद्धत होती.

या कारागिरीची गरज मराठ्यांनाही लवकरच भासली. 1784 मध्ये महादजी शिंद्यांच्या चाकरीत आलेल्या सॅव्हॉयच्या बेन्वा द बॉइनने त्यांच्यासाठी कवायती पलटणी उभ्या केल्या. मधल्या काळात ही चाकरी सोडून तो लखनौला गेला आणि मार्टिनच्या सोबतीने नीळ व कापडाच्या व्यापारात पडला, आणि 1790 मध्ये परतून त्याने पाटण व मेडत्याच्या लढाया जिंकून दिल्या. आग्र्याला सँगस्टर या स्कॉट कारागिराकडे शिंद्यांच्या तोफा-बंदुकांचे काम होते. मराठी इतिहासलेखनात द बॉइनच्या कवायतीचे जेवढे कौतुक झाले, त्याच्या चतुर्थांशानेही या कारखान्याकडे लक्ष गेलेले नाही, ही उणीवच म्हणावी लागेल. कारण कवायती गोळीबार एका तालावर होण्यासाठी शेकडो बंदुकांच्या कळी भरवशाच्या असाव्या लागतात आणि मोहिमेवर बिघडलेली कळ दुरुस्त करायला कानस चालवणारा माणूस बरोबर न्यावा लागतो.

या अडचणीवरचा तोडगा, म्हणजे कोणताही भाग कोणत्याही कळीत बसेल असा घडवणे, त्याच सुमारास पॅरिसमध्ये निघत होता. 1785 मध्ये ओनोरे ब्लाँ या बंदूकनिर्मात्याने अमेरिकी मुत्सद्दी टॉमस जेफरसन याच्यापुढे पन्नास कळींचे सुटे भाग ठेवले आणि जेफरसनने हाताला लागतील ते भाग उचलून काही कळी स्वतः जुळवल्या. पुढे अमेरिकेत हार्पर्स फेरी येथे जॉन हॉल याने 1820 च्या दशकात यंत्रे आणि गेज, म्हणजे भाग मापात आहे की नाही हे तपासणारे ठरीव साचे, यांच्या बळावर ही पद्धत रुजवली. ब्रिटनने अमेरिकी यंत्रे विकत घेऊन एन्फील्डचा कारखाना 1850 च्या दशकात बदलला. एन्फील्ड रायफल आपल्याकडे आठवते ती 1857 च्या उठावातील काडतुसांच्या चरबीमुळे. त्या नमुन्याच्या पुष्कळ रायफली तेव्हाही ठेकेदारांच्या कारागिरांनी हातानेच जुळवलेल्या होत्या, हे सहसा सांगितले जात नाही.

गेज आले तरी कानस गेली नाही. भागाच्या मापात किती फरक चालेल याची जी मुभा ठरवतात, तिला कारखान्यात टॉलरन्स म्हणतात, आणि अनेक भागांच्या मुभा एकत्र आल्या की चापाशी येऊन त्यांची बेरीज होते. त्यात आराखड्याचीही भर पडे. ब्रिटिश ली-एन्फील्डच्या नंबर एक रायफलीत चाप रिसिव्हरला, म्हणजे बोल्ट ज्यात सरकतो त्या पोलादी अंगाला, न जोडता खालच्या चापरक्षकाला टांगलेला होता. मध्ये लाकूड असल्यामुळे ते दमटपणाने फुगले वा आकसले की चापाचे वजन बदलत असे. ब्रिटनने दुसऱ्या महायुद्धानंतर नंबर चार मार्क दोन या नमुन्यात चाप थेट रिसिव्हरला टांगून हा दोष काढला. बंगालमधील ईशापूरचा कारखाना मात्र जुन्याच आराखड्यावर राहिला आणि 1960 च्या दशकात 7.62 मिलिमीटरची 2ए ही रायफलही त्याने त्यावरूनच बेतली, त्यामुळे चापाची जुनी टांगणीही तिच्यात तशीच राहिली.

बेल्जियन एफएएल रायफलीच्या बाबतीत भाग एकमेकांत बसण्याचा प्रश्न देशांच्या पातळीवर गेला. ब्रिटनने ती इंची मापांत नव्याने आखली, बेल्जियमची मिलिमीटरमध्ये राहिली, आणि ईशापूरने दोन्हींची वैशिष्ट्ये घेऊन आपली वेगळी एसएलआर ही रायफल घडवली; तिचे भाग या दोघींशी सर्रास बदलता येत नाहीत. आज परदेशांत खासगी कारखाने नेमबाजांसाठी तयार चाप विकतात; पण रिसिव्हर एका कारखान्याचा आणि चाप दुसऱ्याचा असला की मापे कागदावर जुळूनही प्रत्यक्षात जुळतील याची खात्री नसते, आणि ते काम अखेर बंदुका दुरुस्त करणाऱ्या जाणकाराकडेच जाते.