न्यूलेची रंगीत तालीम आणि कुर्डुवाडीचा हमाल

#थ्रेड

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमधील लीड्स शहराजवळ, न्यूले येथे, एक चमत्कारिक रेल्वे धावत होती. ती कोणत्याही गावाला जात नव्हती. इंजिन आणि डबे मात्र बार्शीसाठी बांधलेले होते.

ही कल्पना एव्हरार्ड कॅलथ्रॉप या अभियंत्याची. १८८२ पासून तो जी.आय.पी. रेल्वेच्या नोकरीत होता. त्या काळी बालाघाटाकडील कापूस व गळिताची धान्ये बैलगाड्यांतून मोठ्या रेल्वेपर्यंत येत आणि तेथून मुंबईच्या बंदराकडे जात. शेतकरी, अडत्या, गाडीवान, रेल्वे, बंदर, अशी ही साखळी होती. तिच्यातील गाडीवानाची कडी बदलायची, एवढेच कॅलथ्रॉपने ठरवले.

त्याचे गणित मोठे देखणे होते. रुळांतील अंतर अवघे अडीच फूट. इंजिन असो वा मालडबा, कोणत्याही आसावर पाच टनांहून अधिक भार नाही. भार असा सारखा वाटला, की हलके व स्वस्त रूळही पुरतात. डबे दाबीव पोलादाचे, म्हणजे स्वतःचे वजन कमी आणि पोटात माल जास्त. हे सारे खरे ठरते काय, हे पाहण्यासाठी माल जहाजावर चढण्यापूर्वीच न्यूले येथे मुद्दाम रूळ टाकून चाचण्या घेण्यात आल्या. समुद्रापलीकडच्या व्यापाराची एक कडी आधी लीड्समध्ये चालवून पाहिली गेली!

१८९७ मध्ये कुर्डुवाडी–बार्शी मार्ग सुरू झाला आणि १९११ मध्ये तो लातूरला पोहोचला. निजामाच्या राज्यातील ही पेठ आता मुंबईशी रेल्वेने जोडली गेली.

परंतु न्यूलेच्या रुळांवर कुर्डुवाडी नव्हती. तेथे छोट्या डब्यातील प्रत्येक गठडी आणि प्रत्येक पोते हमालाच्या पाठीवरून मोठ्या डब्यात जाई. शिवाय निजामाची सरहद्द ओलांडताना करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, प्रश्न होताच. चाचणी यंत्राची झाली होती, व्यवहाराची नव्हे. नांदेडचेही दुखणे तेच. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर गोदावरी खोऱ्यातील मीटरगेज तेथे पोहोचली, पण मुंबईच्या मालाला मनमाडला डबा बदलावाच लागे.

कॅलथ्रॉपला ही उणीव दिसली नसेल, असे म्हणवत नाही. १९०४ मध्ये सुरू झालेल्या इंग्लंडमधील लीक अँड मॅनिफोल्ड या अडीच फुटी मार्गाचा अभियंता तोच होता, आणि तेथे मोठ्या रेल्वेचे डबे जसेच्या तसे पाठीवर वाहून नेणाऱ्या खास गाड्या होत्या. (पुढे हाच गृहस्थ वैमानिकांसाठी पॅराशूट बनवण्याच्या मागे लागला.)

लातूरच्या पोत्यांना मात्र वाट पाहावी लागली. लातूर–कुर्डुवाडी हा संपूर्ण मार्ग ब्रॉडगेज झाला तो २००८ मध्ये.