विश्लेषण : डिझाइन सॉफ्टवेअरचा कोड कंपन्यांनी खुला करावा का?

फोटोशॉपची वर्गणी महाग वाटली किंवा एखादे जुने सॉफ्टवेअर बंद पडले, की समाजमाध्यमांवर एक मागणी हमखास होते : ‘कंपनीने कोड ओपन सोर्स करावा.’ ही मागणी कितपत रास्त आहे? आजवर असे कोणी केले आहे का?

ओपन सोर्स म्हणजे फुकट का?

नाही. प्रोग्रामर जी मूळ आज्ञावली लिहितात तिला सोर्स कोड म्हणतात. ती कोणालाही वाचता, बदलता आणि बदलून इतरांना देता येईल असा परवाना असेल, तर ते सॉफ्टवेअर ओपन सोर्स. दाविंची रिझॉल्व्ह या व्हिडीओ एडिटिंग सॉफ्टवेअरची मोफत आवृत्ती मिळते, पण त्याचा कोड बंदच आहे. कंपनीने उद्या ती आवृत्ती थांबवली, तर वापरणाऱ्यांच्या हाती काही उरणार नाही.

ब्लेंडरची गोष्ट काय?

थ्रीडी अ‍ॅनिमेशनचे ब्लेंडर हे सॉफ्टवेअर मुळात व्यावसायिक होते. नेदरलँड्सचे टॉन रोझेंडाल यांनी १९९४ मध्ये ते आपल्या स्टुडिओसाठी बनवायला घेतले. पुढे त्यासाठी ‘नॅन’ ही कंपनी निघाली, पण २००२ मध्ये ती बंद पडली आणि कोड गुंतवणूकदारांच्या ताब्यात गेला. एक लाख युरो मिळाल्यास कोड सोडण्याची तयारी त्यांनी दाखवली. रोझेंडाल यांनी वापरकर्त्यांना आवाहन केले आणि सात आठवड्यांत ही रक्कम उभी राहिली. १३ ऑक्टोबर २००२ रोजी ब्लेंडर खुले झाले. ‘फ्लो’ हा लॅटव्हियन चित्रपट ब्लेंडरमध्ये तयार झाला आणि २०२५ मध्ये त्याने सर्वोत्कृष्ट अ‍ॅनिमेशनपटाचे ऑस्कर पटकावले.

मग इतर कंपन्या कोड का देत नाहीत?

पहिले कारण सरळ आहे : कोड हीच त्यांची मिळकत. ब्लेंडर आज देणग्या आणि कंपन्यांच्या निधीवर चालते. शेअर बाजारात नोंदलेल्या मोठ्या कंपनीला तेवढ्यावर भागवता येणार नाही.

दुसरे कारण कमी माहीत असते. सॉफ्टवेअरमधला सगळाच कोड कंपनीचा नसतो. काही भाग दुसऱ्यांकडून परवान्यावर घेतलेला असतो. अमेरिकेतील कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियमने २०१३ मध्ये अडोबीच्या परवानगीने फोटोशॉपच्या पहिल्या, १९९० च्या आवृत्तीचा कोड प्रसिद्ध केला. त्या सुमारे १ लाख २८ हजार ओळींतही अ‍ॅपलकडून घेतलेला भाग वगळावा लागला. शिवाय परवानगी मिळाली ती फक्त बिगर-व्यावसायिक वापरासाठी. म्हणजे हा कोड पाहता येतो, पण त्याला ओपन सोर्स म्हणता येत नाही.

कोड बंद असल्याने नुकसान कोणाचे?

याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. पुस्तके, दिवाळी अंक, लग्नपत्रिका यांचे डीटीपी अनेक वर्षे पेजमेकरवर झाले. त्याची शेवटची मुख्य आवृत्ती, ७.०, २००१ मध्ये आली. अडोबीच्याच इनडिझाइनमध्ये या फाइल सीएस ६ आवृत्तीपर्यंत उघडत. नंतर ती सोय गेली. त्यात मजकूर युनिकोडपूर्व फाँटमध्ये असेल, तर तो फाँट नसलेल्या संगणकावर मराठीऐवजी अगम्य चिन्हे दिसतात. लेखकाचे पुस्तक त्याचेच, पण फाइल उघडायची किल्ली दुसऱ्याकडे. स्वयंसेवकांनी या फाइलींची रचना उलगडून ‘लिबपेजमेकर’ हा खुला कोड लिहिला. तो लिबरऑफिसमध्ये वापरला जातो. पण जी माहिती कंपनीकडे तयार होती, ती बाहेरच्यांना शोधून काढावी लागली.

वर्गणीच्या पद्धतीत हा धोका आणखी जवळ येतो. वर्गणी थांबली की सॉफ्टवेअर थांबते. फाइल मात्र त्याच्याच स्वरूपात असते.

मधला मार्ग आहे का?

आहे, आणि तो चाचपून झालेला आहे. स्टुडिओ जिब्ली वापरत असलेले ‘टून्झ’ हे इटालियन अ‍ॅनिमेशन सॉफ्टवेअर जपानच्या द्वांगो कंपनीने घेतले आणि मार्च २०१६ मध्ये ‘ओपनटून्झ’ नावाने खुले केले. मूळ कंपनीने सशुल्क आवृत्तीचे काम सुरू ठेवले.

दुसरे उदाहरण पीडीएफचे. अडोबीने हे स्वरूप सोपवल्यावर २००८ मध्ये ते आंतरराष्ट्रीय मानक झाले. आज कोणीही पीडीएफ तयार करणारे सॉफ्टवेअर बनवू शकतो. तरीही अडोबीचे अ‍ॅक्रोबॅट विकले जातेच.

त्यामुळे चालू, विकल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरचा कोड मागणे व्यवहार्य नाही. मात्र दोन अपेक्षा रास्त ठरतात : फाइलचे स्वरूप जाहीर असावे आणि सॉफ्टवेअर कायमचे बंद करताना, निदान स्वतःचा कोड तरी कंपनीने खुला करावा. ज्याची विक्रीच थांबली, तो कोड दडवून कंपनीला फारसे काही मिळत नाही. वापरकर्त्याचे मात्र वर्षांचे काम अडकते.

तोवर आपण काय करावे?

महत्त्वाच्या कामाची मूळ फाइल ठेवाच, पण सोबत खुल्या स्वरूपातील प्रतही ठेवा : छपाईच्या कामाची पीडीएफ, चित्राची पीएनजी, लोगोची एसव्हीजी. मराठी मजकूर युनिकोडमध्ये वेगळा जपून ठेवा. सॉफ्टवेअर बदलले तरी काम हातात राहील.