मिश्र द्रावकांत औषध किती विरघळेल?

औषध कितीही गुणकारी असले, तरी विरघळल्याशिवाय ते शरीराच्या कामी येत नाही. शिरेतून द्यावयाच्या इंजेक्शनात तर ते आधीच पूर्णपणे विरघळलेले असावे लागते. परंतु अनेक औषधांचे रेणू पाण्याशी फटकून असतात. अशा वेळी इथेनॉल, प्रॉपिलीन ग्लायकॉल यांसारखा पाण्यात सहज मिसळणारा दुसरा द्रव योजला जातो. त्यास सहद्रावक म्हणतात. डायझेपाम हे याचे परिचित उदाहरण. १ मिलिलिटर पाण्यात ते जेमतेम ०.०५ मिलिग्रॅम विरघळते. प्रचलित इंजेक्शनात मात्र तेवढ्याच द्रवात ५ मिलिग्रॅम औषध असते. सुमारे ४० टक्के प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि १० टक्के इथेनॉल यांच्या साहाय्याने हे साधते.

कोणता सहद्रावक किती प्रमाणात घ्यावा, हे दरवेळी प्रयोग करून ठरवणे वेळखाऊ असते. शिवाय संशोधनाच्या आरंभी नव्या औषधाचे अवघे काही मिलिग्रॅम हाती असतात. म्हणूनच विद्राव्यतेचे भाकीत करणारी सूत्रे मोलाची ठरतात.

१९७२ मध्ये अमेरिकन शास्त्रज्ञ सॅम्युएल याल्कॉव्स्की व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक सुटसुटीत नियम मांडला. सहद्रावकाचे प्रमाण समान टप्प्यांनी वाढत गेले, तर विद्राव्यतेचा लॉगरिदम सरळ रेषेत वाढतो, असे तो सांगतो. म्हणजेच प्रत्येक टप्प्याला विद्राव्यता ठरावीक पटीने वाढते. समजा, एखादे औषध १ मिलिलिटर पाण्यात ०.१ मिलिग्रॅम आणि तेवढ्याच शुद्ध सहद्रावकात १०० मिलिग्रॅम विरघळते. निम्म्या-निम्म्या मिश्रणात ते ५० मिलिग्रॅम विरघळेल, असे वाटणे स्वाभाविक आहे. नियमानुसार मात्र हा आकडा केवळ ३.२ मिलिग्रॅम येतो.

यातच एक धोका दडलेला आहे. या मिश्रणात मिलिलिटरला ३ मिलिग्रॅम औषध विरघळवून त्यात तेवढेच पाणी ओतले, तर औषधाची तीव्रता निम्मी, म्हणजे १.५ मिलिग्रॅम होते. परंतु सहद्रावक २५ टक्क्यांवर आल्याने विद्राव्यता ०.५६ मिलिग्रॅमपर्यंत घसरते. उरलेले औषध कणांच्या रूपाने बाहेर पडू शकते. शिरेत असे कण जाणे घातक ठरू शकते. डायझेपामचे इंजेक्शन इतर द्रावणांत मिसळू नये, अशी सूचना दिली जाते, त्यामागे हेच कारण आहे.

सर्वच औषधे या सरळ रेषेला जुमानत नाहीत. पॅरासिटामॉल शुद्ध इथेनॉलपेक्षा पाणी व इथेनॉल यांच्या योग्य मिश्रणात अधिक विरघळते. पाणी, सहद्रावक आणि औषध यांच्या रेणूंतील परस्पर आकर्षणामुळे आलेखाला अशी वळणे येतात. इराणमधील अबोलघासेम जुयबान आणि अमेरिकेतील विल्यम अॅक्री यांच्या नावाने ओळखले जाणारे सूत्र ही वळणे व तापमान दोन्ही हिशेबात घेते. मोजक्या प्रयोगांवरून त्यातील स्थिरांक काढले, की उरलेल्या प्रमाणांचे भाकीत करता येते. अलीकडे संगणकीय प्रारूपे व यंत्रशिक्षण यांचीही जोड मिळाली आहे.

मात्र उत्तम विरघळवणारा द्रव सुरक्षित असेलच असे नाही. १९३७ मध्ये अमेरिकेत सल्फानिलामाइड हे औषध डायइथिलीन ग्लायकॉलमध्ये विरघळवून विकले गेले. औषध चांगले विरघळले. परंतु द्रावक विषारी असल्याने शंभराहून अधिक जण, त्यांत अनेक बालके, दगावली. त्यानंतर १९३८ च्या कायद्याने नवे औषध विक्रीस आणण्यापूर्वी त्याची सुरक्षितता दाखवणे तेथे बंधनकारक झाले. सूत्र औषध किती विरघळेल एवढेच सांगते. ते द्रावक रुग्णाला सोसेल का, याचे उत्तर स्वतंत्र चाचण्यांतूनच मिळवावे लागते.